गाठ गेली होती, मग परत आली कुठून? कर्करोगाच्या मूलपेशी आणि प्रयोगशाळेतल्या पेशींची गोष्ट



दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ मध्ये ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’ हा पाठ आहे. त्यात मूलपेशींचा मुद्दा येतो. गर्भात सुरुवातीला सगळ्या पेशी सारख्या असतात, पुढे त्यांच्यापासूनच हाड, स्नायू, रक्त, चेता सगळं तयार होतं, मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेतही मूलपेशी असतात, एवढं आपण सांगतो. मुलांना हा भाग आवडतो. यंदा मात्र शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, माझ्या मावशीला कॅन्सर होता. औषधानं गाठ पूर्ण गेली होती, तपासणीतही दिसत नव्हती. दीड वर्षानं परत आली. ती आली कुठून?”

वर्ग एकदम शांत झाला. मी म्हणालो, “उद्या सांगतो.” तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, “घरी सगळे म्हणतात, मावशीनं पथ्य पाळलं नाही म्हणून आली.”

खरं सांगायचं तर हा लेख त्या दुसऱ्या वाक्यासाठी लिहिला आहे. आपल्या वाशिम जिल्ह्यात असं घर सापडणं अवघड, जिथं नात्यात किंवा शेजारी कुणाला हा आजार झालेला नाही. मुलं हे सगळं घरी पाहतात, ऐकतात आणि मग वर्गात येऊन बसतात. त्यांच्या प्रश्नाला विज्ञानाचं उत्तर मिळालं नाही, तर पथ्य, नजर आणि नशीब ही उत्तरं तयारच असतात. म्हणून थोडं खोलात जाऊ.

१. गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा ढीग नाही

कर्करोग म्हणजे पेशींचं अनियंत्रित विभाजन, ही व्याख्या आपण पाठ करून घेतो. ती बरोबर आहे. पण तिच्यामुळे मुलांच्या डोक्यात एक चुकीचं चित्र बसतं. एक पेशी बिघडली, तिच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आणि सगळ्या अगदी सारख्या, जणू छापखान्यातून निघालेल्या प्रती.

प्रत्यक्षात तसं नसतं. दर विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका होतात. निरोगी पेशी त्या चुका बऱ्याच अंशी दुरुस्त करते. कर्कपेशीची दुरुस्तीची यंत्रणा अनेकदा बिघडलेली असते. त्यामुळे गाठ वाढता वाढता तिच्यात वेगवेगळ्या घराण्यांच्या पेशी तयार होतात. कुठे गुणसूत्रं जास्त, कुठे कमी. काही भराभर वाढतात, काही सुस्त पडून असतात. काही जागा सोडून रक्तात शिरतात. शिवाय गाठीच्या मध्यभागी ऑक्सिजन कमी आणि कडेला जास्त, त्यामुळे एकाच घराण्यातल्या पेशीही वेगळ्या वागतात.

आपल्याकडच्या मुलांना हे वावरातून चटकन कळतं. बाहेरच्याला सोयाबीनचं वावर सगळं हिरवं दिसतं. निंदणाला बसलेल्या बाईला मात्र त्यात केना, दुधी, हरळी, लव्हाळा असं वेगवेगळं तण दिसतं. केना उपटला की काही दिवस तरी सुटका होते. लव्हाळा वरून कितीही खुरपा, त्याच्या मुळाशी जमिनीत छोट्या गाठी असतात. वर वावर स्वच्छ दिसतं आणि आठ-पंधरा दिवसांत तो पुन्हा डोकं वर काढतो.

वर दिसणारं पातं वेगळं आणि जमिनीतली गाठ वेगळी, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागेल.

२. सेल लाइन म्हणजे काय?

शास्त्रज्ञ हे सगळं कशावर तपासतात? प्रत्येक प्रयोग रुग्णावर करता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत पेशी वाढवतात. नववीत आपण वनस्पतींचं ऊती संवर्धन शिकवतो, तसंच हे माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशींचं संवर्धन. चपट्या बाटलीत पोषक द्रव, ३७ अंश सेल्सिअस तापमान, हवेत साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि जंतूंचा शिरकाव होऊ नये म्हणून कडक स्वच्छता. बाटली भरली की थोड्या पेशी काढून नव्या बाटलीत टाकतात. असा वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेला पेशींचा वंश म्हणजे सेल लाइन.

नको असतील तेव्हा या पेशी उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. मुलांना सांगा, आपल्या गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी ज्या टाकीतून धूर निघताना दिसतो, तोच हा द्रव नायट्रोजन. रेतमात्रा जशा त्यात टिकतात, तशाच पेशीही टिकतात.

माणसाच्या पेशींची पहिली ‘न मरणारी’ सेल लाइन १९५१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तयार झाली. हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय महिलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. तिच्या गाठीचा छोटा तुकडा जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पोचला आणि त्यातल्या पेशी थांबल्याच नाहीत. साधारण २४ तासांत त्या दुप्पट होत. तिच्या नावाच्या अक्षरांवरून त्यांना ‘हेला’ म्हणतात. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली. पेशी आजही जगभर वाढताहेत. पण पेशी संशोधनासाठी वापरण्याची परवानगी ना तिला विचारली गेली, ना घरच्यांना. वर्गात हा मुद्दा जरूर घ्या. विज्ञानात संमती हा भाग किती महत्त्वाचा आहे, हे याहून चांगलं सांगणारं उदाहरण नाही.

या गोष्टीला एक मराठी धागाही आहे. पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी जन्मलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली आणि पुढच्या अभ्यासासाठी त्या याच जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. पेशी जिवंत ठेवून वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊती संवर्धन संशोधन प्रयोगशाळा उभी केली. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ‘शास्त्रज्ञ’ म्हटल्यावर फक्त परदेशी पुरुषांची नावं सांगणाऱ्या आपल्या वर्गात हे नाव फळ्यावर लिहायलाच हवं.

३. बाटलीतल्या पेशी तरी सारख्या असतात का?

आता गंमत बघा. एका रुग्णाच्या एका गाठीतून निघालेला वंश, एकच नाव, एकच बाटली. इथं तरी सगळ्या पेशी सारख्या असाव्यात ना? बरीच वर्षं तसंच धरून चालत.

आपल्याकडे सोयाबीनचं जेएस ३३५ हे वाण बहुतेकांना माहीत आहे. समजा दहा गावांतल्या दहा शेतकऱ्यांनी एकाच पोत्यातलं बियाणं नेलं आणि पुढची दहा वर्षं प्रत्येकाने घरचंच बियाणं राखून पेरलं. पिशवीवर नाव एकच राहील. पण कुठे खळ्यात भेसळ होईल, कुठे पाणथळ वावरात टिकणारी झाडंच उरतील, कुठे शेतकरी टपोरं तेवढं निवडून ठेवेल. दहा वर्षांनी दहाही पिशव्या उघडल्या, तर बियाणं अगदी एकसारखं निघेल का?

सेल लाइनचं अगदी असंच झालं. एमसीएफ-७ नावाची स्तनाच्या कर्करोगाची सेल लाइन १९७३ मध्ये अमेरिकेत तयार झाली. जगभरच्या प्रयोगशाळा ती वापरतात. २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी ठिकठिकाणचे एमसीएफ-७ चे २७ नमुने एकत्र करून तपासले. जनुकांत फरक निघाला, वाढीच्या वेगात फरक निघाला. शेकडो औषधं त्यांच्यावर वापरून पाहिली, तेव्हा काही नमुन्यांना चांगलं रोखणारी बरीच औषधं दुसऱ्या नमुन्यांवर चाललीच नाहीत. नाव एमसीएफ-७, पण पेशी वेगळ्या. पुढच्याच वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांतल्या हेला पेशींबाबतही असंच दिसून आलं.

त्याआधीची एक जुनी फजितीही सांगण्यासारखी आहे. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन मुळात हेलाच होत्या. हेला इतकी जोमाने वाढते, की तिचा एखादा थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला तर ती मूळ पेशींना मागे टाकून बाटलीच ताब्यात घेते. म्हणून आता सेल लाइनची डीएनए ओळख पटवून घ्यायची पद्धत आहे. आपल्या देशात पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र अशा सेल लाइन सांभाळून ठेवतं आणि संशोधकांना पुरवतं.

मुलांसाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ‘प्रयोगशाळेत अमुक औषधाने कॅन्सरच्या पेशी मेल्या’ अशी बातमी मोबाइलवर आली, की लगेच ते औषध मिळालं असं समजायचं नाही. ते एका बाटलीतल्या एका वंशावर झालेलं आहे. हळद असो, गोमूत्र असो की नवं रसायन, बाटलीपासून माणसापर्यंतचा रस्ता लांब असतो. दुसरी, एका बाटलीत इतकी विविधता असेल, तर माणसाच्या शरीरातल्या गाठीत किती असेल!

४. मग कर्करोगाच्या मूलपेशी म्हणजे कोण?

निरोगी शरीरात मूलपेशीचे दोन गुण असतात. ती स्वतःसारखी दुसरी मूलपेशी बनवते आणि तिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशीही तयार होतात. कर्करोगातही असं काही आहे का, हा जुना प्रश्न. १९९४ मध्ये टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या एका कर्करोगातल्या पेशी प्रतिकारशक्ती कमी केलेल्या उंदरांत सोडल्या. दिसायला सगळ्या रोगट पेशीच, पण रोग नव्याने उभा करू शकणारी पेशी साधारण अडीच लाखांत एक निघाली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मायकेल क्लार्क यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगात असंच पाहिलं. पृष्ठभागावरच्या खुणांवरून निवडलेल्या एका प्रकारच्या जेमतेम शंभर पेशींनी उंदरात गाठ तयार झाली. दुसऱ्या प्रकारच्या हजारो पेशी सोडूनही ती झाली नाही.

या शोधात पुणंही मागे नव्हतं. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या डॉ. शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगावर काम केलं. या रोगात पुढच्या टप्प्यात पोटात पाणी साठतं आणि त्यात कर्कपेशी तरंगत असतात. एका रुग्णाच्या अशा पाण्यातून त्यांनी पेशी वेगळ्या केल्या आणि एकेका पेशीपासून स्वतंत्र वंश वाढवले. म्हणजे सगळे एकाच रुग्णाचे. तरी त्यातला एकच वंश गाठ तयार करणारा निघाला. अभ्यास चालू असताना आणखी एका वंशाने बाटलीतच रूप बदललं आणि तोही गाठ करू लागला. या दोन्ही वंशांत मूलपेशींसारखे गुण दिसले. त्यांच्यापासून उंदरात झालेल्या गाठी रचनेने माणसातल्या रोगासारख्याच होत्या, आणि एका उंदरातून दुसऱ्यात असं पुढे पुढे नेलं तरी त्या पुन्हा तयार होत राहिल्या. हे संशोधन २००५ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात आलं.

आता लव्हाळा आठवा. वर दिसणारी हजार पाती म्हणजे गाठीतल्या बहुसंख्य पेशी. जमिनीतली गाठ म्हणजे कर्करोगाची मूलपेशी.

वर्गात एक प्रश्न हमखास येतो, “सर, मग मूलपेशी चांगल्या की वाईट?” उत्तर सोपं आहे. मूलपेशी हा गुण आहे, चांगलं-वाईट नाही. नवं निर्माण करत राहण्याची तीच ताकद अस्थिमज्जेत आपल्याला रोज रक्त देते आणि बिघडलेल्या पेशीच्या हाती पडली तर रोग वाढवते.

५. औषधातून त्या निसटतात कशा?

केमोथेरपीची बरीचशी औषधं भराभर विभाजन करणाऱ्या पेशींवर जोरात काम करतात. म्हणून तर केस गळतात, तोंड येतं, कारण तिथल्या निरोगी पेशीही वेगाने वाढणाऱ्या. पण कर्कपेशींतल्या काही झोपून असतात. विभाजनच करत नाहीत, मग औषधाचा मार त्यांना कमी बसतो. काही पेशींच्या आवरणात औषध बाहेर फेकणारे पंप असतात. काही डीएनएची दुरुस्ती चांगली करतात.

पुण्याच्याच केंद्रात या झोपलेल्या पेशींचा अभ्यास झाला. पेशींच्या आवरणाला चमकणारा रंग लावतात. पेशी दुभंगली की रंग अर्धा-अर्धा वाटला जातो, असं करत फिका होत जातो. जी पेशी दुभंगत नाही, तिच्यात रंग गडद राहतो. म्हणजे कोण झोपलंय ते रंगावरून कळतं. अशा सुप्त पेशींत मूलपेशींसारख्या पेशी सापडल्या, हे त्यांनी २००९ मध्ये मांडलं.

आकड्यांत सांगितलं तर मुलांना आणखी पटतं. एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी धरतात. औषधाने त्यातल्या ९९.९ टक्के मेल्या असं समजा. गाठ हाताला लागणार नाही, तपासणीतही दिसणार नाही. सगळे पेढे वाटतील. पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे किती? मुलांकडूनच काढून घ्या. १० लाख. यंत्राला दिसत नाहीत म्हणजे नाहीत, असं होत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. गाठ बाहेरून आली नाही. मावशीच्या खाण्यातूनही आली नाही. ती गेलेली दिसत होती, तेव्हाही तिच्या थोड्या पेशी आत होत्याच.

६. पण ही ‘जात’ नाही, अवस्था आहे

इथं थांबलो तर गोष्ट सोपी होईल, पण अर्धवट राहील. ‘या थोड्या मूलपेशी शोधा, मारा, रोग संपला’ असं वाटेल. तसं नाही.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या दोन सेल लाइनमधल्या पेशी तीन प्रकारांत वेगळ्या केल्या. त्यातला एक प्रकार मूलपेशींसारखा. प्रत्येक प्रकार वेगळ्या बाटलीत वाढवला. काही दिवसांनी पाहिलं, तर प्रत्येक बाटलीत तीनही प्रकार हजर आणि जवळपास सुरुवातीच्याच प्रमाणात. म्हणजे साध्या पेशी मूलपेशींसारख्या होऊ शकतात आणि उलटही.

२०१० मधला आणखी एक प्रयोग फुप्फुसाच्या कर्करोगाच्या सेल लाइनवरचा. तीव्र मात्रेत औषध दिल्यावर जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या. हजारात जेमतेम तीन-चार तगल्या, त्याही सुस्त होऊन. औषध काढून घेतलं, त्या पुन्हा वाढल्या, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर तेच औषध परत लागू पडू लागलं. म्हणजे तगलेल्यांचं जनुक कायमचं बदललं नव्हतं. कठीण काळात त्यांनी फक्त वागणं बदललं होतं.

शिवाय सगळे कर्करोग सारखे नाहीत. त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगात गाठ करणाऱ्या पेशी फार दुर्मीळ असाव्यात असं वाटत होतं. २००८ मध्ये चाचणीची पद्धत सुधारली, तेव्हा चारातली साधारण एक पेशी गाठ तयार करते असं निघालं. काही रोगांत मूलपेशी थोड्या, काहींत पुष्कळ, काहींत त्या बदलत राहतात. म्हणून डॉक्टर एकापेक्षा जास्त औषधं, शस्त्रक्रिया, किरणोपचार असं मिळून करतात. एका पेशीला जे चुकवता येतं, ते दुसऱ्या उपायाने गाठावं म्हणून.

७. पालकांनो, आपल्यासाठी यात काय?

मी डॉक्टर नाही. पण या विज्ञानातून काही साध्या गोष्टी निघतात.

‘गाठ गेली, आता डोस कशाला?’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. त्यात काढणीचे दिवस आले, नागपूरला किंवा अकोल्याला जायची मजुरी बुडते, पैसे संपलेले असतात. अडचण खरी आहे. पण उरलेले डोस दिसणाऱ्या गाठीसाठी नसतात, न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. रक्ताच्या एका कर्करोगात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, इमॅटिनिब नावाची रोजची गोळी असते. रिपोर्ट चांगले आले तरी ती वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते, कारण सुप्त मूलपेशी तिने पूर्ण जात नाहीत. रिपोर्ट खूप चांगले असणाऱ्या निवडक रुग्णांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवून पाहतात, तरीही साधारण निम्म्या जणांत रोग परत दिसतो. स्वतःच्या मनाने तर थांबवूच नये. पैशांची अडचण असेल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून चौकशी करा.

उपचार संपल्यावरच्या तपासण्या चुकवू नका. उपचार पूर्ण करूनही रोग परत येऊ शकतो, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण लवकर लक्षात आला तर हातात जास्त उपाय असतात.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने तुकडा तपासणी टाळू नका. रोग कोणत्या प्रकारचा, त्याच्या पेशी कशा, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. तपासणी टाळण्यात जो वेळ जातो, त्यात पेशी वाढतात आणि वेगवेगळ्या होतात. तो धोका कितीतरी मोठा.

मूलपेशींच्या नावावर मधुमेहापासून लकव्यापर्यंत सगळं बरं करण्याच्या जाहिराती येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं रक्त-मूलपेशींचं प्रत्यारोपण हाच मान्य उपचार आहे. बाकीचं संशोधनाच्या टप्प्यावर आहे. त्यासाठी वावर विकायची वेळ कुणावर येऊ नये.

आणि खर्रा. पहिली पेशी बिघडू नये, हा सगळ्यात स्वस्त उपाय. तोंडात तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास, यांतलं काही असेल तर दवाखाना गाठा. मुलांसमोर खर्रा घोटणाऱ्या आपल्या मित्रांनाही हे सांगा, त्यात आपले शिक्षक बांधवही आले.

८. वर्गात करून पाहा: हरभरा आणि तूर

साहित्य: प्रत्येक गटाला ३६ हरभरे, तुरीचे २ दाणे, एक नाणं, एक ताटली.

हरभरा म्हणजे भराभर वाढणारी कर्कपेशी, तूर म्हणजे झोपलेली मूलपेशी.

पहिला भाग, औषध: प्रत्येक हरभऱ्यासाठी नाणं उडवा. छाप आली तर दाणा बाहेर. तुरीला हात लावायचा नाही. ही एक फेरी. दर फेरीनंतर उरलेले हरभरे मोजून वहीत लिहा. साधारण ३६, १८, ९, ४ असे कमी होत पाच-सहा फेऱ्यांत संपतात. आता विचारा, “लांबून ताटली कशी दिसते?” रिकामी.

दुसरा भाग, परत येणं: औषध बंद. दर फेरीत प्रत्येक हरभऱ्याचे दोन करा आणि प्रत्येक तुरीशेजारी एक नवा हरभरा ठेवा. हरभरे होतील २, ६, १४, ३०, ६२. पाचव्या फेरीत पहिल्यापेक्षा जास्त. मुलांकडून आलेख काढून घ्या.

तिसरा भाग, बदल: पुन्हा सुरुवातीपासून खेळा. या वेळी दोन्ही तुरी आधीच काढून टाका, पण प्रत्येक औषध फेरीनंतर गटाने एक हरभरा उचलून त्या जागी तूर ठेवायची. मूलपेशी काढूनही रोग का संपला नाही, हे मुलं स्वतःच सांगतात.

शेवटी हे विचारायला विसरू नका, “आपला खेळ खऱ्या शरीरापेक्षा कुठे वेगळा आहे?” शरीरात प्रतिकारशक्ती असते, औषधं अनेक असतात, आणि कित्येकदा सगळ्या पेशी खरोखर संपतात. कितीतरी रुग्ण पूर्ण बरे होतात. हे वाक्य वर्गात मोठ्याने सांगा, कारण बाकावर बसलेल्या कुणाच्या तरी घरी आज उपचार चालू असतील.

विचारासाठी प्रश्न

१. एकाच सेल लाइनवर दोन प्रयोगशाळांना वेगळे निष्कर्ष मिळाले. कोणती कारणं असू शकतील?
२. दुभंगणाऱ्या पेशीतला रंग फिका का होतो?
३. ९९.९९ टक्के पेशी मेल्या, तर १०० कोटींपैकी किती उरतील?
४. हेन्रिएटा लॅक्सच्या जागी तुमच्या घरचं कुणी असतं, तर डॉक्टरांनी काय विचारायला हवं होतं?

दुसऱ्या दिवशी हा खेळ आम्ही वर्गात केला. त्या मुलीच्या गटाची ताटली रिकामी झाली, मग पुन्हा भरली. ती बराच वेळ तुरीचे दोन दाणे बोटाने सरकवत बसली होती. सुट्टीत येऊन म्हणाली, “सर, हे दाणे घरी नेऊ का? आईला आणि मावशीला दाखवते.” मी डबीत घालून दिले.

आपल्या वर्गात हा खेळ घेतलात तर मुलांनी काय प्रश्न विचारले ते जरूर कळवा.